छाट

अक्कोळ रोडवरच्या जुन्या बिडी शाखेत
आता मंगळवारी आणि शुक्रवारी व्यायाम असतो.
माझी खुर्ची होती तिथं टीव्ही आलाय,
खाली एक काळी पट्टी, तिला डोळा आहे.
निपाणीत भिंती कितीदाही रंगवा,
पंखा लावला की कुणीतरी शिंकतंच.

संकेश्वरची वीणा मठपती मशीन चालू करते.
पडद्यावर सफरचंदाचं झाड.
हात वर न्यायचा, फळ धरायचं,
वाकून टोपलीत सोडायचं.
सफरचंदाचं झाड आमच्यात कुणी बघितलेलं नाही.
वीणा म्हणते, आंबा समजा.
जैनबी म्हणते, इतका लालभडक?
औषध मारलेला असणार.

पहिल्या दिवशी मशीनला बाया दिसेचनात.
पायच सापडेनात त्याला, सगळं लुगड्यात.
मग रत्नाक्का हणबरनं निऱ्या वर खोचल्या,
पदर कमरेला आवळला,
तेव्हा पडद्यावर उभी राहिली
काड्यांची एक बाई,
गुडघ्यांच्या जागी दोन हिरवे ठिपके.
रत्नाक्का बघत राहिली.
‘एवढीच व्हय मी?’

चाळीस वर्षं मांडीवर सूप, मान खाली.
पान, चिमूट, वळ, दोरा.
खांद्याच्या वर हात न्यायचं कारणच पडलं नव्हतं,
कपड्यांची दोरीसुद्धा तिनं छातीएवढी बांधलेली.
आता तो हात कुरकुरत वर जातो,
डोक्यावरनं पुढं जातो,
आणि ती स्वतःच दचकून
त्याच्याकडं बघते.

हजार झाले की घंटा वाजते.
वीणा टाळ्या वाजवते, तिला काय ठाऊक.
हजार म्हटलं की सगळ्या बाया
अजून माझ्याकडंच बघतात.

चेकर होतो मी.
कट्टा हातात घ्यायचा, अंगठ्यानं दाबायचा.
ढिली, आखूड, तोंड वाकडं: छाट.
छाट झालेली माझ्या पायाशी, पोत्यात.
पोतं पुढं कुठं जायचं मला ठाऊक होतं,
त्यांनाही होतं.
एकदा रत्नाक्कानं पोत्यातली बिडी उचलली,
माझ्यासमोर पेटवली, दोन झुरके घेतले,
म्हणाली, ‘जळतीया की, साहेब.’
आठ दिवस तिचं पान बंद केलं मी.
नियमात कुठं होतं ते आठवत नाही.

आज माझी पाळी.
गेल्या वर्षीच्या झटक्यापासून उजवा हात
खांद्यापर्यंत येतो, तिथंच थांबतो,
फाटकाशी उभ्या पाव्हण्यासारखा.
फळाला लाल चौकट आली.
मशीन गोड आवाजात म्हणालं, ‘मत्तोम्मे.’
पुन्हा एकदा.
पुन्हा केलं. मत्तोम्मे.
तिसऱ्यांदाही तेच.
आणि मागनं, खुर्च्यांच्या ओळीतनं,
कोण ते वळून बघितलं नाही,
‘छाट!’

जैनबी हसली, मग सगळ्याच हसल्या,
पदर तोंडाला लावून, डोळे पुसत,
वीणाला कळेना काय झालं.
मला हसू येत नव्हतं.
नाकातनं आलं ते आधी खोकल्यासारखं आलं.

रत्नाक्का उठली.
काही न बोलता माझ्या कोपराखाली हात घातला,
वर ढकलला.
पडद्यावर दोन काड्या एकमेकींत शिरल्या,
चार हातांचं काहीतरी झालं, थरथरायला लागलं,
आणि फळ सुटून टोपलीत पडलं.
आकडा हलला नाही.
‘अक्का, असं धरलं तर मोजत नाही ते.’
‘इरली बिडु,’ रत्नाक्का म्हणाली.

तिनं लगेच हात काढला नाही.
अंगठ्यानं दंड दाबून बघितला,
एकदा इकडनं, एकदा तिकडनं.
‘ढिला हाय,’ म्हणाली.
‘शुक्रवारी आणा परत.’