सोळा वेळा डोमाजी

पाचपावलीच्या त्या खोलीत उजेड
एकाच काचेच्या कौलातून उतरतो,
आणि मागावर पोचेपर्यंत
निम्मा सुतानेच शोषलेला असतो.

मे महिना. दुपारचे चार.
कॅमेरा हातात धरवत नव्हता,
आणि तापलेला सेन्सर
अंधारात नसलेलंच पाहू लागतो:
लाल ठिपके, निळे ठिपके,
सावलीभर सांडलेला रवा.

फ्लॅश मारला असता. लग्नांत मारतोच की.
पण प्रणोतीने बजावलं होतं,
"आजोबांचे डोळे मिटतात दादा, फ्लॅश नको.
अन् फोटो साफ पाहिजे,
हॉलमधी लावाचा आहे, चार फुटाचा."
चार फुटांवर एकेक दाणा
हरभऱ्याएवढा होतो, हे तिला कोण सांगणार.

मग कूलर बंद करायला लावला.
त्याची थरथर फरशीतून
तिपाईच्या पायांत चढत होती.
घरातली माणसं पदराने वारा घेत ओसरीत गेली.
खड्ड्यात पाय सोडून बसलेले
डोमाजी सोनकुसरे, वय एक्याऐंशी, म्हणाले,
"काहून रे बावा, फोटो काढून राहिला
का मले शिजवून राहिला?"

हलू नका, बाबाजी. सोळा काढतो, सारखेच.

"सोळा कायले? माणूस तं एकच हाय."

मी समजावलं:
अंधारात कॅमेरा थोडं खोटं बोलतो,
पण दर वेळी वेगळं.
सोळा फोटो एकावर एक ठेवले
की खोटं खोट्याला खातं,
आणि जे सोळाही वेळा जागच्या जागी होतं
तेवढं उरतं.

डोमाजी जरा वेळ गप्प.
"ठाण्यात असंच विचारत," म्हणाले,
"संपाच्या वक्ती. तेच ते, सोळा खेपा."

रात्री गोळीबार चौकात, शटर अर्धं ओढून,
मी सोळा डोमाजी एकावर एक अंथरले.
गढूळ पाण्यात तुरटी फिरवावी
तसा रवा खाली बसला.
भिंत निघाली. कॅलेंडर निघालं,
त्यावर पेन्सिलीने लिहिलेला दुधाचा हिशेब.
फणीच्या काड्या मोजता आल्या,
करवतकाठाचा दात न् दात.

पण हवेतलं सूत गेलं.
ते खरं होतं.
उजेडाच्या पट्ट्यात साठ वर्षं तरंगलेलं,
डोमाजींच्या छातीत उतरून
रात्री खोकल्यातून बोलणारं.
दर फोटोत ते दुसऱ्या जागी होतं,
म्हणून हिशेबात खोटं ठरलं.

आणि उजवा हात.
हलू नका म्हटल्यावर सगळा माणूस थांबला,
हात नाही थांबला.
धोट्याकडे जात राहिला, जरासाच, सवयीने,
सोळा वेळा सोळा ठिकाणी.
मनगटापुढे नुसतं धुकं.

वर सॉफ्टवेअरची पट्टी बोटभर उजवीकडे नेली
तर गालावरचे देवीचे व्रणही गुळगुळीत.
त्याला काय कळणार,
कुठला खड्डा अंधाराचा
आणि कुठला अठ्ठावन्न सालचा.

पट्टी मागे आणली.
भिंतीवर पुरती चालवली, चेहऱ्यावर शून्य.
हातासाठी एकच फोटो घेतला, अकरावा,
आणि त्यातला हात कापून बसवला,
दाण्यांसकट.
साफ माग, रवाळ हात.
माझ्या हाताखालच्या पोराने असं केलं असतं
तर मी रागावलो असतो.

प्रणोतीने नमुन्याचा प्रिंट उजेडाकडे धरला.
"दादा, हात खराब आला."

हो, म्हटलं.

डोमाजींनी चष्मा पुसला, कागद मांडीवर घेतला,
हातावरून अंगठा फिरवला.
"सूत बसलं हाय," म्हणाले,
आणि फुंकर मारली. मग पुन्हा एकदा, जोराने.
"जात नाही."

नाही जात.

कूलर चालू झाला. प्रिंट उडाला, मी पकडला.
चार फुटांचं प्रणोतीने
अजून काही कळवलेलं नाही.