मुदत

कार्ड फिकट हिरवं, पासाएवढंच.
जिंतूर डेपोत बत्तीस वर्षं असलेच पास
मी अंगठ्यानं दाबून, उलटून, उजेडाला धरून बघितले.
आता माझं मी बघतो.

नाव मुंजाजी लिंबाजी घाटूळ. वय एकसष्ट.
दुखणं मज्जातंतूचं, तीव्र, कायम.
औषध विजया तेल, रात्री आठ थेंब.
खाली सिव्हिल सर्जनची सही,
शिक्का अर्धा फोटोवर, अर्धा बाहेर,
म्हणजे माझा एक कान सरकारी आहे.

तीव्र, कायम.
हे दोन शब्द लिहून घ्यायला अकरा महिने लागले.
परभणीचे सात हेलपाटे. एमआरआय नांदेडचा.
पहिला डॉक्टर म्हणला, वय झालं काका.
दुसरा म्हणला, चालून दाखवा.
चाललो.
चालता की हो, म्हणला.
तिसरीनं, डॉक्टर फर्जानानं, खुर्ची जवळ ओढली
अन् विचारलं, रात्री किती वाजता उठवतं?
उठवतं हे तिला कुणी सांगितलं होतं, कुणास ठाऊक.
मी म्हणलं, अडीच.
तिनं अडीच लिहिलं.

पहिल्याच महिन्यात गल्लीनं नाव ठेवलं, गांजेकस मास्तर.
मास्तर मी होतोच, कंडक्टरला आमच्याकडं मास्तरच म्हणतात,
फक्त पुढं एक डबा जोडला.
मेहुण्यानं चहाचा कप हातात न देता
ओट्यावर ठेवला.
मग मी कार्ड लॅमिनेट केलं
अन् खिशात असं खोचलं की शिक्का वर दिसावा.
बोरीच्या नाक्यावर हवालदारानं बाटली हुंगली,
कार्ड वाचलं, दोनदा,
मग म्हणला, जा बाबा, नीट जा.
त्या दिवशी पाय दुखला नाही असं नाही,
पण ताठ चाललो.

आता म्हणे सगळं खुलं होणार.
टीव्हीवर चार डोकी भांडतायत.
मेडिकलवाला गट्टाणी म्हणतो,
मास्तर, उन्हाळा सरला की काउंटरवर, बामाच्या डबीशेजारी.
चारशे रुपये फी कामून भरता?

होऊ द्या खुलं.
वसमतचा रईस, ट्रकवरून पडलेला,
तेच तेल, तोच मणका, कार्ड नाही
म्हणून चौदा दिवस आत होता.
त्याच्यासाठी तरी होऊ द्या.
पण मग माझ्या खिशात काय राहील,
ते दोन शब्द कुठं ठेवू?
काउंटरवर कुणी विचारणार नाही, किती वाजता उठवतं.
पैसे घेतील, सुटे नाहीत म्हणून गोळी देतील.

एक बाई आठवते. मंठा गाडी, मागून तिसरी सीट.
कॅन्सरचा सवलतीचा पास, मुदत दोनच दिवसांमागं संपलेली.
पूर्ण तिकिटाला साडेतीन रुपये कमी पडले.
साडेतीन माझ्या खिशात होते.
भांडली असती तर बरं झालं असतं.
पास पिशवीत गुंडाळून ती
चारठाणा फाट्यावर उतरली,
अन् मी डबल बेल दिली.

फेब्रुवारीत माझी मुदत संपली.
परभणीत उरुसाची गर्दी, रिक्षा मिळेना,
दवाखान्यापर्यंत कण्हत पायी गेलो.
खिडकीतली पोरगी म्हणली, काका, आता कशाला?
दोन महिन्यांत हे कार्डच राहणार नाही म्हणतात.
मी चारशे रुपये सरकवले.

फॉर्मवर नवा रकाना होता,
दुखण्यात सुधारणा आहे का?
होय लिहिलं तर कार्ड जाईल.
नाही लिहिलं तर तेल जाईल.
पेन धरून बराच वेळ उभा राहिलो,
मागची रांग च्यक् च्यक् करायला लागली.
मग लिहिलं, अडीचऐवजी चार.

पोरगी म्हणली, हे काय?
म्हणलं, टायमिंग आहे, पोरी.
गाडी बंद झाली नाही. लेट येते.

ती हसली नाही. नीट वाचलं तिनं.
शिक्का मारला.
या वेळी डोळ्यावर.