आठ आणि सहा

माझा उजवा पाय आठ नंबरचा, डावा सहाचा.
सिव्हिलमध्ये दोनदा कापला, दोनदा शिवला,
तरी वाढायचं त्याच्या मनात आलं नाही.
त्यामुळं चप्पल घ्यायची म्हणजे दोन जोड,
आणि उरलेली दोन पावलं
आई पत्र्याच्या पेटीत ठेवायची.
टाकवत नसे तिला. पैसे मोजलेले.

तारकर्लीत तीन सीझन बोटीवर दोर गुंडाळला.
येताना मालकाच्या भंगारातून मागून आणली
एक फळी, नाकाशी टवका उडालेली,
आणि तिच्यावर बसवायचे बूट, दोन जोड.
आठच्या जोडाचं रबर शाबूत, खालच्या प्लेटा तडकलेल्या.
सहाच्या जोडाच्या प्लेटा धड,
पण डाव्याचं अस्तर कुत्र्यानं चघळल्यासारखं.
स्टेशनवर हमाल म्हणाला,
काय बे, इस्त्रीचं टेबल?

वेकबोर्ड म्हणालो.
बरं, म्हणाला, चाळीस रुपये.

आठचं रबर सहाच्या प्लेटवर बसेना. बोटभर जास्त.
ऊन देऊन मऊ करायचं म्हणतात, त्यासाठी मशीन मिळतं म्हणे.
मी दुपारी दोनला छपरावर ठेवलं.
मे महिना. सोलापूर.
तीनला वडिलांनी फडक्यात धरून खाली आणलं,
लूमच्या पान्यानं प्लेटवर दाबलं,
नवी भोकं पाडली,
आणि बोल्ट आवळताना तोंडातल्या तोंडात
तेलुगूत मोजत राहिले, एक ते आठ.

अस्तर आईनं केलं.
माझं पाऊल कागदावर उतरवलं,
विडीच्या पानाच्या कात्रीनं टॉवेल कापला,
आमच्याच मागावरचा, गाठ सुटल्यामुळं नापास झालेला,
तीन घड्या, मधे चपलेचा स्पंज.
टाच जिथं आत वळते तिथं चौथी घडी.
ते तिला कुणी सांगावं लागलं नाही.

पट्टा मात्र चुकला.
वडील म्हणाले, पिकिंगचा चामडी पट्टा लाव,
बारा तास धोटा हाणतो, तुटत नाही.
हिप्परग्याला गेलो पहाटे.
बसण्णानं मोटारसायकलचं इंजिन काठावर रोवलं होतं,
टायर काढलेल्या रिमवर दोर.
फळी उठली, मी उठलो,
आणि भिजलेलं चामडं सैल होऊन
डावा पाय बाहेर.
नाका-तोंडात तळं.
वडील काठावरनं ओरडले, शीनू, वद्दु रा, पुरे!
घरी येईपर्यंत गप्प होते.
रात्री त्यांनीच भाचीच्या जुन्या दप्तराचा पट्टा उसवला,
बकलासकट.

पुढच्या रविवारी
बसण्णा म्हणतो आठ सेकंद, मी म्हणतो बारा.
एवढंच कळलं
की दोन्ही पाय आवळून बांधलेला माणूस
पाण्यावर लंगडू शकत नाही.
नंतर पडलोच. पण दोन्ही पायांनी पडलो.

आता उरलंय ते असं:
डावा आठ, उजवा सहा, दोन तडकलेल्या प्लेटा.
भंगारवाला किलोनं मागत होता.
आईनं दिलं नाही.
पेटीतल्या चपलांवर ठेवलंय, वर वर्तमानपत्र.
बरोबर माझ्या उलट्या पायांचा
कुणीतरी असेलच की कुठंतरी, म्हणाली,
आणि पुढचं पान कात्रीत धरलं.