कार्यकारिणीला सादर

माननीय अध्यक्ष आणि सभासद,
गेल्या बैठकीत ठरल्याप्रमाणे दोन्ही लॅपटॉप तपासले.
दोन्ही लहान, स्वस्त, आणि कुणाच्या तरी हातचे.
जेल रोडच्या मुर्तझाभियाने ते चिठ्ठीशिवाय दिले,
"दो दिन चला के देख लो ताई."
दोनाचे नऊ दिवस झाले. त्याचा फोन आला नाही.

निळ्याचा प्रोसेसर सहा वॅटचा. पंखा नाही.
करड्याचा पंधरा वॅटचा. पंखा आहे,
आणि तो फिरला की वाचनकक्षात बसलेले कर्णिक
पेपर खाली करून माझ्याकडे बघतात,
मग भिंतीवरच्या 'शांतता राखा'कडे.

माझा भाचा आल्हाद प्लगला लावायचं मापक घेऊन आला.
नुसतं उघडून ठेवलं तर निळा साडेचार वॅट खातो, करडा सात.
कामाला जुंपल्यावर निळा नऊ, करडा चोवीस.
(आपल्या जिन्यातला बल्ब साठचा आहे.
तो दिवसाही चालू असतो. हा विषय वेगळा.)

कार्डांच्या अकरा हजार नोंदी उघडायला
करडा बारा सेकंद घेतो.
निळ्याला लागतात एक्केचाळीस.
तेवढ्यात मी माठातलं पाणी पिऊन येते.
'वाङ्मय' लिहिताना तो अडतो,
ङ आणि म आधी सुटे दाखवतो,
मग, जणू आठवल्यासारखं, जोडतो.
मंगळवारी दुपारी दोनला, बेचाळीस अंशांत,
त्याने आपला वेग अर्ध्यावर आणला.
आवाज नाही, तक्रार नाही.
रामबागेत त्या वेळी सगळेच तसे असतात.

रविवारी एक मुलगी आली, पाठीवर बॅग,
आजोबांसाठी शिकारकथा हव्यात म्हणाली.
मी दोन्ही यंत्रांत एकदम शोध लावला.
करड्याचा पंखा घोंघावू लागला, निळ्यावर गोल फिरत राहिला,
आणि चांदोरकर, जे आता कानाने अधू आहेत
आणि ज्यांना मुलीचं बोलणं मी ओरडून सांगितलं,
उठले, तिसऱ्या कपाटाच्या खालच्या फळीवरून
धूळ झटकत दोन पुस्तकं घेऊन आले.
त्यांचे वॅट मोजायची सोय मापकात नाही.

आल्हाद म्हणाला ते मला नवीन होतं:
तू टाइप करतेस, त्या दोन अक्षरांच्या मधे
हा प्रोसेसर झोपतो.
झोपतो, उठतो, बघतो, पुन्हा झोपतो, शेकडो वेळा.
दिवसाचा बराचसा वेळ तो तुझी वाट बघत असतो.
म्हणून पळताना किती खातो ते सोड,
थांबलेला असताना किती खातो ते विचार.

त्या संध्याकाळी मी चार ते सात इथेच होते.
कर्णिक पावणेसहाला गेले.
पुस्तक बदलायला कुणी आलं नाही.
नोंदवही उघडी, ट्यूबलाइट एक, मी एक.
सव्वासहाला वीज गेली.
करड्याने चाळीस मिनिटांत मान टाकली.
निळ्याच्या उजेडात मी 'त'ची पेटी संपवली,
चांदोरकरांच्या तिरप्या अक्षरातली दोनशे सोळा कार्डं.
एकावर मागे पेन्सिलने लिहिलं होतं: परत आलं नाही, पण माणूस चांगला.
हे कोणत्या रकान्यात टाकू, ते ठरवावं.

शिफारस: निळा घ्यावा.
त्याची किंमत साडेनऊ हजार, मंजुरी बाराची.
उरलेल्यातून जिन्यातला बल्ब बदलावा.
पाच वर्षांनी दोन्हींपैकी कोणताही घेतला असता तरी
सकाळच्या कचरागाडीत, वेगळ्या डब्यात, जाणारच आहे,
तेव्हा वेगावर फार चर्चा नको.

कार्डांच्या पेट्या मात्र हलवू नयेत.
त्या शून्य वॅटवर चालतात.

आपली,
सुनीती हुद्दार
(मानद, मंगळवार ते रविवार)