उखा

वैशाखात दुसाण्याच्या माळावरचं डबकं
म्हणजे नुसते पापुद्रे,
तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखे कडांनी वर वळलेले.
मी खुरप्याने एक उचलते,
बिस्किटाच्या डब्यात ठेवते, वर तारीख चिकटवते.

उखा ठेलारी मेंढ्या थोपवून विचारतो,
"यामा काय शे?"
अंडी, मी म्हणते. झिंग्याच्या लांबच्या नात्यातली,
पाठीवर पोहणाऱ्यांची, पाय आभाळाकडे करून.
तो भेगांकडे बघतो, मग माझ्याकडे.
"आठे तं पानीच नही."

नाही. तेच तर.

त्याच्या आधीची तीन भावंडं राहिली नाहीत
म्हणून जन्मताच ह्याला उकिरड्यावर लोळवलं,
नाव उखा ठेवलं,
आणि शेजारणीला पसाभर कोंडा देऊन
आईने परत विकत घेतलं.
मरणाची नजर चुकवायची
तर आधी टाकून दिल्यासारखं दिसावं लागतं.
हे मला पुस्तकातून कळायला
धुळ्याच्या कॉलेजात सहा वर्षं लागली.

मागे एकदा अकरा वर्षं जुना डबा उघडला,
परातीत माती, मातीवर पाणी.
दोन दिवस नुसता गढूळपणा.
तिसऱ्या रात्री बल्बखाली
धुळीचा एक कण स्वतःहून वळला.
मग दुसरा. मग मोजणं सोडलं.
पण सगळे नाही उठले.
परात वाळवून पुन्हा पाणी घातलं, तेव्हा आणखी काही.
उरलेले अजून पडून आहेत.
एकाच वाफशावर सगळं बियाणं टाकू नये,
हे त्यांना कोणी सांगितलं, ठाऊक नाही.

"मग ह्यांना परत विकत कोण घेतं?"
उखा हसत विचारतो.
कोणीही, मी म्हणते.
बदक गिळतं, चार कोस उडून विष्ठेत टाकतं.
वावटळ उचलते.
तुझ्या मेंढीच्या खुरात चिखल वाळतो,
ती पुढच्या पाणवठ्यावर पाय धुते.
तो एका मेंढीचा खूर उचलून
बराच वेळ बघत राहतो.

गेल्या भादव्यात लळिंगच्या खळग्यात
नारिंगी शेपटीचे, हुबेहूब दुसाण्यासारखे, सापडले.
वहीत मी मोठ्या अक्षरांत लिहिलं: नवीन नोंद.
'कसे आले' पुढे: बदक.

आज अंगणात चपला धुताना
टाचेखालच्या खाचेतून
दुसाण्याची करडी माती निघाली,
नखभर, घट्ट.
कालवणाच्या वाटीत ती भिजत ठेवली आहे.

वहीतलं बदक खोडलं नाही.
शेजारी पेन्सिलीने लिहिलं:
किंवा चप्पल. डावी.