दोन पाण्यांच्या मधले दिवस

मंगळवारचं पाणी भरून झालं,
पुढचं रविवारी.
मधले दिवस मोकळे, शाळांना दिवाळीची सुट्टी,
दारात माझी पिवळी व्हॅन
पोरांच्या डब्यातल्या लोणच्याचा वास धरून उभी.
नायनांना म्हटलं, चला, समुद्र बघून येऊ.
म्हटलं म्हणजे ओरडले.
चाळीस वर्षं मागावर गेली, कान तिथंच राहिले
अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये.
'कुणाकडे?' त्यांनी विचारलं.
आमच्यात कुणाकडे तरीच जातात.

भूदेवी अत्ता मागच्या सीटवर,
मांडीवर शेंगाचटणीचा डबा,
तिकडची माणसं भाकरी कशाशी खातात ही काळजी.

मंगळवेढ्याला वीतभर ज्वारी,
सांगोल्याला डाळिंबांवर घातलेल्या जुन्या साड्या
(नायनांनी काठावरून साल सांगितलं),
मिरजेत चहा,
कोल्हापुरात वळण चुकलं
आणि रंकाळा दोनदा लागला.
अत्ता दोन्ही वेळा म्हणाली,
आपल्या तळ्यासारखंच आहे की,
फक्त मधे सिद्धेश्वर नाही.

आंबा घाटात ऊन संपलं.
सोलापुरात सावलीला पत्ता असतो:
अमक्याच्या दुकानाचा पत्रा, तमक्या शाळेतला लिंब.
इथं ती नुसतीच, बेवारशी,
रस्त्यावर सांडलेली,
कुणी तिच्यात स्कूटरसुद्धा लावलेली नाही.
नायनांनी गाडी थांबवायला लावली.
उतरले. एका जाड खोडाला तळवा लावला,
गरम झालेली मोटर बघतात तसा.
'बंद आहे.'
मग थोडं थांबून,
'का हळू चालू आहे?'
मी काय सांगणार. मी व्हॅन चालवते.

भाट्याच्या किनाऱ्यावर
होडेकर नावाचा म्हातारा जाळं सांधत होता.
नायनांनी आधी त्याची गाठ बघितली,
मग समुद्र.
चपला हातात घेऊन पाण्यात शिरले
आणि लाट मागं जाताना
टाचांखालची वाळू निघून गेली तसे दचकले.
पहिल्यांदाच मी त्यांना
काहीतरी ऐकताना बघितलं.
'मशीन खाली आहे,' म्हणाले. 'जमिनीत.'
किती वेळ उभे होते, ओठ हलत होते.
मोजत होते. सवय.
मग होडेकरला विचारलं,
'अमावास्येला तरी बंद ठेवत असतील?'
होडेकर हसला.
मी त्याचं उत्तर नायनांच्या कानाशी ओरडले:
अमावास्येला तर डबल शिफ्ट!
किनारा मान वळवून बघू लागला.
नायनांना मात्र वाईट वाटलं.
खिशातून सुपारी काढली, एक खांड पाण्यात टाकलं.

रात्री लॉजवर झोप नाही.
दिवा लावून बसले, मांडीवर लॉजचा टॉवेल,
बोटं काठावरून फिरतायत.
'आपल्याकडचा आहे. हे बघ,
इथं एक धागा सुटला.
पहाटे तीनचा डुलका हा.'
कुणाचा, विचारलं.
'कुणाचा तरी.'
टॉवेल घडी घालून उशाला घेतला
आणि लगेच घोरायला लागले.
अत्ता म्हणाली, मागावर असताना असाच झोपायचा,
सुट्टीच्या दिवशी.

परतीच्या वाटेवर फोटो कमी काढले.
मिरजेनंतर आभाळ मोठं होत गेलं, झाडं लहान.
चटणी अर्धी उरली म्हणून अत्ता खूश,
तेवढीच कमी पडली असती तर अजून खूश झाली असती.
चपलांतली वाळू पायपुसण्यावर.

रविवार, पहाटे पाच.
गल्लीभर घागरी, बादल्या, निळे ड्रम,
चिलवेरींची सून केस बांधत उभी,
सगळे नळाच्या तोंडाकडे बघतायत.
नायना कशाकडेच बघत नाहीत.
भिंतीतून आलेल्या पाइपावर
तळवा ठेवून उभे, तसेच, खोडापाशी होते तसे.
नळ कोरडा. एक फुसका वारा.
मी म्हटलं, आज येत नाही बहुतेक.
त्यांना ऐकू गेलं नाही.
'थांब,' म्हणाले.
'निघालंय.'