ऋण चढ

मोखोत्लोंगच्या वरच्या वस्तीत रात्रशाळा भरते.
एक कंदील, सात ब्लँकेटं,
आणि फळा, ज्याचा एक कोपरा
मागच्या हिवाळ्यात कुणीतरी चुलीत घातला.

मे मातेबोहो दोन बिंदू देते. जोडा.
किती वर गेलात, भागिले किती पुढे गेलात,
एवढाच चढ.
कुठेही मोजा, तोच.
रेषा दिलेला शब्द पाळते.

मागच्या बाकावर मोखेथी हसतो.
दिवसा तो ट्रकवर क्लीनर असतो.
घाटात इंजिनाला धाप लागली की उडी टाकायची,
मागच्या चाकाखाली दगड सरकवायचा,
ट्रक हलला की दगड उचलून पुन्हा धावायचं.
दगड तीन आहेत त्याच्याकडे:
दहाचा, विसाचा,
आणि एक, ज्याचं नाव तो घेत नाही.
"बाई, शब्द पाळणारा रस्ता
मी अजून पाहिला नाही."

म्हणून ती वक्र काढते.
य बरोबर क्षचा वर्ग. उभा राहा तिनापाशी.
मोखेथी वक्रावर बोट टेकवतो.
बोटाखाली एकच बिंदू;
एकट्याचं काय वर आणि काय पुढे?
दुसरा उसना घे, ती म्हणते, चारापाशी. भाग.
सात.
आता त्याला ओढ जवळ.
सहा दशांश एक.
अजून.
सहा दशांश शून्य एक.
"आणि पोचलाच तर?"
"पोचू द्यायचा नाही.
पोचला तर शून्य भागिले शून्य,
तिथे मीही गप्प."

सहा, तो लिहितो. मग बराच वेळ
स्पर्शिकेकडे बघत राहतो.
"हे चाक आहे, बाई.
चाक रस्त्याला एकाच जागी टेकतं.
त्या जागेला विचारून मी दगड निवडतो.
दुसरा बिंदू मोजेपर्यंत
ट्रक दरीत."

गारा पत्र्यावर वाजायला लागतात.
ती मोठ्याने बोलते, वक्र पलीकडे उतरतो,
उत्तर येतं उणे चार.
"उतार लिहू?"
"गणितात उतार नाही. ऋण चढ म्हण."
ऋण चढ. तो जिभेवर घोळवून बघतो.
त्याचा बाप सीमेपलीकडे
सोन्याच्या खाणीत उतरला होता,
पिंजऱ्यातून, सरळ खाली.
उभ्या रेषेचा चढ निघत नाही,
भागायला पुढे काही उरतच नाही,
हे मागच्या मंगळवारी झालं होतं शिकवून.
तेव्हा तो वहीत काही लिहीत नव्हता.

शेवटचं गणित घरी करायला:
धन चढ संपून ऋण सुरू होतो
तिथे चढ किती? कारण लिहा.

वही येते तीन दिवसांनी, ग्रीसच्या बोटांची.
शून्य.
बाजूला खिंडीचा माथा, एक टपरी,
वाफाळता चहा विकणारी बाई, थोडी जाडच,
आणि इंजिन बंद केलेला ट्रक.
खाली, रेघ सोडून वाकड्या अक्षरात कारण:

इथे दगड लागत नाही.